विज्ञानाची खोली बांधताना घड्याळ लावून बघा

प्रति,
जिल्हा परिषदांचे शिक्षण व बांधकाम विभाग,
शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य आणि मुख्याध्यापक,
महाराष्ट्र राज्य

विषय : सहावी ते दहावीच्या शाळांमधील विज्ञान कक्षाची मांडणी

सप्रेम नमस्कार.

विज्ञान कक्षासाठी पैसा आला की तो कुठे जातो, हे आपण सगळेच जाणतो. आधी फरशी, मग रंग, मग काचेचं कपाट, कपाटात मानवी सांगाडा आणि ग्रहमाला. उद्‌घाटनाच्या दिवशी खोली देखणी दिसते. पण त्या खोलीत सातवीचं मूल स्वतःच्या हाताने परीक्षानळी धरून पंधरा-वीस मिनिटं काही करू शकेल का, हा प्रश्न नकाशावर सही करताना विचारला जात नाही. तो त्याच वेळी विचारला जावा, म्हणून हे पत्र.

तासिका ३५ मिनिटांची असते आणि वर्गात ४० मुलं असतात. सामान जागेवरून निघून प्रत्येकाच्या हाताला लागून, धुतलं जाऊन परत जागेवर पोचायला किती मिनिटं लागतात? काढण्या-ठेवण्यातच दहा मिनिटांपेक्षा जास्त गेली, तर त्या खोलीत मुलं प्रयोग करणार नाहीत. शिक्षक टेबलावर प्रयोग करून दाखवतील, पहिल्या दोन रांगांना तो दिसेल आणि मागच्यांना पुढच्यांची डोकी दिसतील. यात शिक्षकाचा दोष नाही, दोष मांडणीचा आहे. खालचा सगळा तपशील हा वेळ वाचवण्यासाठीच आहे.

प्रयोगासाठी वेगळी खोली लागतेच असंही नाही. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांमध्ये १९७२ साली सुरू झालेला विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम पुढे अनेक जिल्ह्यांत पसरला आणि २००२ पर्यंत चालला. तिथे साध्या सरकारी शाळांच्या साध्या वर्गांत चार-चार मुलांच्या टोळ्या एका पेटीतल्या सामानावर प्रयोग करत. चार हा आकडा नीट पारखलेला आहे. पाचवं मूल आलं की ते बघ्या होतं. तेव्हा ४० मुलांचे दहा गट धरूनच पुढचं सगळं मोजा.

टेबलं. एका गटाला १२० सेंमी लांब आणि ७५ सेंमी रुंद टेबल पुरतं, दोघं इकडे आणि दोघं तिकडे. सहावी-सातवीसाठी उंची ६५ सेंमी आणि स्टूल ४० सेंमी, आठवीपासून पुढे टेबल ७२ आणि स्टूल ४५. बसण्याची जागा आणि टेबलाचा पृष्ठभाग यांत २५ ते २७ सेंमी अंतर राहिलं पाहिजे. ते वाढलं की मूल स्टुलावर गुडघे टेकून उभं राहतं आणि नेमकी तेव्हाच काच पडते. स्टुलांसकट प्रत्येक टेबल सुमारे १२० बाय १९५ सेंमी जागा घेतं, दोन टेबलांमधून चालायला ९० सेंमी हवेत. ६ बाय ९ मीटरच्या खोलीत अशी दहा टेबलं आणि मागच्या भिंतीला ओटा मावतो. ६ बाय साडेसात मीटरमध्ये नऊच टेबलं धड बसतात. तसं असेल तर पाचाचे गट करण्यापेक्षा एक गट ओट्यापाशी उभा राहू द्या. कारागिराला ऑर्डर देण्यापूर्वी हा सगळा आराखडा रिकाम्या खोलीच्या फरशीवर खडूने खऱ्या मापात आखा आणि त्यातून चालून बघा. कागदावर न दिसलेली अडचण, विशेषतः दार नेमकं टेबलावर उघडतंय ही, तिथे लगेच कळते.

टेबलं जमिनीत पक्की करू नका. मधल्या टेबलांपर्यंत नळ आणि वीज नेण्याचा मोह होतो. त्यासाठी फरशीखालून पाइप जातात, दोन वर्षांत कुठला तरी जोड गळतो आणि मग फरशी फोडावी लागते. पाणी आणि वीज भिंतीलगतच ठेवा. टेबल दोन मुलांना उचलता येईल एवढ्याच वजनाचं असावं, म्हणजे घर्षणाच्या प्रयोगाला फरशी मोकळी करता येते. एका टेबलाखाली चाकाची खुर्ची जाईल अशी मोकळी जागा ठेवा आणि दाराची रुंदी किमान ९० सेंमी धरा. फळ्यासमोरचा चौथरा वगळाच. त्याने दीड मीटर जागा जाते आणि शिक्षक मुलांच्या टेबलांपासून लांब राहतात.

आता ओटा. इथे जवळजवळ सगळीकडे एकच चूक होते, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. आपल्याकडे ओटा म्हटलं की कडप्पा. स्वयंपाकघरात तो ठीक आहे. पण कडप्पा, शहाबादी, कोटा आणि संगमरवर या चारही दगडांत मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असतं. त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब पडला की बुडबुडे येतात, म्हणजे दगड विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. वर्षभरात पॉलिश जाऊन पांढरे डाग आणि खळगे पडतात, खळग्यांत पाणी साचतं आणि मग ओटा खराब होतो म्हणून आम्लाचे प्रयोगच बंद होतात. ग्रॅनाइट हा सिलिकेटचा दगड आहे, सौम्य आम्लाने त्याला काही होत नाही. ग्रॅनाइट परवडत नसेल तर व्हिट्रिफाइड टाइल लावा, मात्र सांधे सिमेंटने न भरता इपॉक्सीने भरा. सिमेंटही आम्लात झिजतं आणि टाइल तशीच राहून सांधे पोकळ होतात. दुकानात ग्रॅनाइट म्हणून काळा कडप्पा दाखवला जाऊ शकतो. तुकड्याच्या न घासलेल्या बाजूवर लिंबाचा रस टाका आणि दोन मिनिटं बघा. फेस आला तर दगड परत करा आणि एक तुकडा मागून घ्या. आठवीच्या वर्गाला तो उपयोगी पडेल.

ओट्याची उंची ८० सेंमी, रुंदी ६० सेंमी आणि पुढच्या कडेला एक सेंमीची उठावदार पट्टी, म्हणजे सांडलेलं पायावर येत नाही.

मोरी स्टीलची नको. क्लोराइड आणि आम्ल मिळून स्टीलला बारीक खड्डे पाडतात आणि तिथून गंज सुरू होतो. चिनी मातीचं किंवा पॉलिप्रॉपिलिनचं भांडं घ्या आणि खालचा पाइप पीव्हीसीचा ठेवा. भांड्याखाली बाटलीसारखा ट्रॅप बसवा, हाताने उघडता येणारा. तागडीची वजनं, चुंबकाचे तुकडे आणि बुचं तिथेच सापडतात. नळाचं तोंड भांड्याच्या तळापासून किमान ३० सेंमी वर हवं. नाहीतर १०० मिलीचं मोजपात्र नळाखाली उभं राहत नाही, तिरपं धरून भरावं लागतं आणि नळावर आपटून त्याचं तोंड उडतं. ४० मुलांना दोन मोऱ्या लागतात आणि त्या खोलीच्या दोन टोकांना हव्यात. शेजारी शेजारी असल्या तर रांग एकच लागते.

पाण्याचा हिशोब सोपा आहे. एका गटाला एका तासिकेत प्रयोग आणि धुणं मिळून तीन लिटर लागतात, दहा गटांना ३० आणि दिवसाच्या सहा तासिकांना १८०. गावात नळाला दिवसाआड पाणी येत असेल तर या खोलीसाठी ५०० लिटरची वेगळी टाकी हवी. स्वच्छतागृहाच्या टाकीवर जोडणी घेतली की दुपारनंतर विज्ञान कक्ष कोरडा पडतो.

वीज. भिंतीवरच्या सॉकेटांना ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लावणं आणि चांगलं अर्थिंग करणं या दोन गोष्टींत तडजोड नको. सॉकेट मोरीपासून एक मीटरच्या आत नसावं. दिवे-पंख्यांची लाइन वेगळी ठेवा, म्हणजे सॉकेटचा स्विच पडला तरी खोलीत अंधार होत नाही. मुलांच्या टेबलावर मात्र २३० व्होल्ट जाऊच नयेत. तिथे सेल चालतील, प्रत्येक गटाला दीड व्होल्टचे दोन. टॉर्चचे अडीच व्होल्टचे बल्ब मुलं तिसरा सेल जोडून उडवतात. ते उडणं म्हणजे शिकणंच आहे, म्हणून वर्षाला ५० बल्ब धरून चाला. सहा व्होल्टचा बल्ब घेतला तर तो उडत नाही, पण एका सेलवर जेमतेम तांबूस होतो आणि मुलं जोडणी चुकली असं समजतात. एलईडी वापरणार असाल तर ९ व्होल्टच्या बॅटरीला लाल एलईडीसोबत ४७० ओहमचा रोध हवा. तो नसेल तर एलईडी क्षणभर चमकून जातो.

उष्णतेचे प्रयोग बहुतेक वेळा पंख्यामुळे अडतात. स्पिरिटच्या दिव्याची ज्योत छताच्या पंख्याखाली टिकत नाही, पंखा बंद केला तर मार्चनंतर विदर्भ-मराठवाड्यात वर्गात बसवत नाही. त्यामुळे तीन गोष्टी करा. प्रत्येक पंख्याचा स्विच वेगळा ठेवा. तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून, कडा दुमडून, प्रत्येक गटासाठी तीन बाजूंनी उभा राहणारा आडोसा बनवून घ्या, उंची २५ सेंमी. आणि उष्णतेचे धडे उन्हाळ्याच्या तोंडाशी येणार नाहीत असं वार्षिक नियोजन करा. दिव्यात स्पिरिट दोन-तृतीयांशापर्यंतच भरा. पेटता किंवा नुकता विझवलेला दिवा कधीही भरू नका. स्पिरिटची ज्योत भर उजेडात जवळजवळ दिसत नाही आणि विझला असं समजून स्पिरिट ओतलं की बाटली पेटते. दिवा फुंकून नव्हे, टोपण ठेवून विझवायचा. खोलीत एका वेळी एक लिटरपेक्षा जास्त स्पिरिट ठेवू नये. वाळूची बादली, ओलं जाड फडकं आणि अग्निशामक दाराजवळ ठेवा. दिव्यांजवळ ठेवले तर आग लागल्यावर हात तिथे पोचत नाही.

डोळ्यांत काही उडालं तर १५ ते २० मिनिटं सतत पाणी सोडावं लागतं. त्यासाठी एका नळाला लवचीक नळीवरचा मऊ फवारा लावा. स्वच्छतागृहातला जेट स्प्रे नको, त्याच्या दाबाने डोळ्याला इजा होते. चष्मे ४० हवेत. दहाच असले की ते चारांत एक असे फिरतात आणि शेवटी कोणीच घालत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, साठवण. ती सुधारायला बांधकामाचा पैसा लागत नाही, तरी बहुतेक खोल्या तिथेच अडतात. एकच कुलूपबंद कपाट, किल्ली एकाकडे, ते रजेवर. शिवाय कपाटात सामान प्रकारानुसार रचलेलं असतं. सगळ्या परीक्षानळ्या एका फळीवर, सगळी चंचुपात्रं दुसरीवर. नोंदवही तपासायला ही रचना सोयीची आहे, पण शिकवायला नाही. त्याऐवजी गटानुसार रचना करा. दहा प्लॅस्टिकचे ट्रे घ्या, प्रत्येकावर १ ते १० आकडे रंगवा. प्रत्येक ट्रेमध्ये एक १०० मिलीचं चंचुपात्र, चार परीक्षानळ्या, नळ्यांची घोडी, चिमटा, ड्रॉपर, नरसाळं, भिंग, १५ सेंमीची पट्टी आणि एक पुसायचं फडकं. ट्रेच्या तळाशी प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा काढा. तास संपताना ट्रे उचलणाऱ्या मुलाला काय कमी आहे ते एका नजरेत दिसतं, मोजदाद लागत नाही. हे ट्रे मुलांच्या कमरेच्या उंचीच्या उघड्या मांडणीवर, खोलीच्या दोन बाजूंना पाच-पाच ठेवा. कुलूप फक्त आम्लं, स्पिरिट आणि महाग उपकरणांना.

उघड्या मांडणीला विरोध होतो तो जडसंग्रह नोंदवहीमुळे, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीमुळे. परीक्षानळी जडसंग्रहात चढली की ती फुटल्यावर निर्लेखनाचे, म्हणजे ती नोंदीतून वगळण्याचे, कागद रंगवावे लागतात किंवा शिक्षकाच्या खिशातून भरपाई होते. मग शिक्षकाने सामान बाहेर काढावं कशाला? आमची आपल्याकडे स्पष्ट मागणी आहे : काचेची किरकोळ भांडी, बल्ब, सेल, लिटमस, थर्मामीटर हे सगळं उपभोग्य वस्तूंच्या नोंदवहीत लिहिलं जावं आणि वर्षाच्या सुरुवातीलाच समितीने फुटतुटीची मर्यादा ठराव करून मान्य करावी. शंभर परीक्षानळ्यांपैकी वर्षअखेर तीस फुटल्या असतील तर त्या शाळेत प्रयोग झाले आहेत. एकही फुटली नसेल तर विचारपूस व्हावी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा विकास आराखडा करण्याचं काम शाळा व्यवस्थापन समितीकडे दिलं आहे, त्यात ही ओळ घालायला कुणाची आडकाठी नसावी.

फुटतूट कमीही करता येते. तापवायच्या नळ्या बोरोसिलिकेट काचेच्याच घ्या. साधी काच गरम असताना नळाखाली धरली की तडकते. धुण्याच्या ब्रशच्या तारेचं टोक उघडं असतं, त्याने नळीचा तळ फुटतो. टोकाला रबराचा तुकडा बसवला की बराच फरक पडतो.

सुट्टीत आणि पावसाळ्यात सामान आपोआप बिघडतं. मे महिन्यात सेल उपकरणांतच राहिले तर गळून पत्र्या खातात, एप्रिलअखेर ते काढून घ्या. पट्टीचुंबक खणात कसेही टाकले की क्षीण होतात. दोन-दोनच्या जोडीत, विरुद्ध ध्रुव शेजारी आणून, दोन्ही टोकांना मऊ लोखंडाची पट्टी लावून ठेवा. कोकणात सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांवर पावसाळ्यात बुरशी चढते आणि ती भिंगाचा लेपच खाते. लाकडी कपाट ओल धरतं. हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवा आणि जेल गुलाबी झालं की तव्यावर मंद तापवून पुन्हा निळं करून घ्या.

सूक्ष्मदर्शकाचा हिशोबही करून बघा. यंत्र एक, मुलं ४०, प्रत्येकाला एक मिनिट : तासिका संपली आणि मुलाला आपण काय पाहिलं ते काढायला वेळच मिळाला नाही. एका महागड्या यंत्राऐवजी दहा साधी घ्या. मनू प्रकाश यांच्या चमूने स्टॅनफर्डमध्ये बनवलेला कागदी फोल्डस्कोप सुमारे १४० पट मोठं दाखवतो, कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशींना तेवढं पुरेसं आहे.

भिंतींबद्दल थोडक्यात. बोलक्या भिंतींवर हृदयाचं चित्र रंगवलं तर महिन्याभराने ते कोणाला दिसेनासं होतं. त्याच जागी खऱ्या मापाची मीटरपट्टी, दाराच्या बिजागरीखाली फरशीवर कोनमापक आणि मुलांच्या उंचीवर दोन मीटर लांब काळी पट्टी द्या. तिच्यावर रोजचा पाऊस आणि तापमान मुलंच लिहितील. पर्जन्यमापकाला १० सेंमी व्यासाचं नरसाळं लावलं तर ७.८५ मिली पाणी म्हणजे १ मिमी पाऊस. बाटलीवर सरळ पट्टी चिकटवून मोजलं तर आकडा चुकतो, कारण बाटली आणि नरसाळं यांचा व्यास एक नसतो.

खोलीचा एक भाग पटांगणात असू द्या. एक मीटर चौरसाचा सपाट सिमेंटचा कट्टा आणि मध्ये ३० सेंमीची उभी सळई, एवढंच. १९ अंश अक्षांशाच्या आसपास, म्हणजे मुंबई ते अहिल्यानगर या पट्ट्यात, माध्यान्हीची सावली २२ डिसेंबरला उत्तरेकडे सुमारे २७ सेंमी पडते, २१ मार्चला १० सेंमी आणि २१ जूनला चक्क दक्षिणेकडे, दोन-सव्वादोन सेंमी. वर्षाचं चित्र एका कट्ट्यावर उतरतं. सळई ओळंब्याने उभी करा. दोन अंश कलली तर सावलीत एक सेंमीची चूक येते, जूनच्या सावलीच्या जवळजवळ निम्मी. आणि माध्यान्ह घड्याळाच्या बाराला होत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, त्यामुळे पुण्यात ती सरासरीने १२ वाजून ३५ मिनिटांच्या आसपास होते आणि नागपुरात १२ वाजून १४ मिनिटांच्या. वर्षभरात त्यात पाव तासापर्यंत फरक पडतो. म्हणून पावणेबारा ते दुपारी सव्वा वाजेपर्यंतची वेळ धरून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करा, सर्वांत आखूड ती खरी. शून्य सावलीचा दिवस आपल्याकडे मे महिन्यात सुट्टीत येतो आणि दुसऱ्यांदा जुलै किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला ढगांत, त्यामुळे सगळा भर त्या एका दिवसावर ठेवू नका. डिसेंबर ते मार्च आभाळ मोकळं असतं.

शेवटची विनंती बांधकाम विभागाला. कंत्राटदाराचं अंतिम देयक काढण्यापूर्वी त्या खोलीत ४० मुलांची एक तासिका घ्या. प्रयोग चुन्याच्या निवळीचा. आदल्या संध्याकाळी एक लिटर पाण्यात दोन चमचे खायचा चुना ढवळून ठेवा, सकाळी वरचं नितळ पाणी बाटलीत काठोकाठ भरून बूच लावा. अर्धी रिकामी बाटली हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने स्वतःच दुधाळ होते. प्रत्येक परीक्षानळीत ५ मिली, म्हणजे एकूण २०० मिली निवळी लागेल. डोळ्यांवर चष्मे. प्रत्येकाला स्वतःची नळकांडी द्या आणि तिला पाण्याच्या पातळीच्या वर एक छोटी खाच पाडा, म्हणजे चुकून ओढलं तरी तोंडात निवळी न येता हवा येते. मुलं हळू फुंकतील, निवळी पांढरी होईल. धुताना नळीला पांढरा थर चिकटला तर थोडं व्हिनेगर घाला. मग ट्रे परत जागेवर.

कार्यकारी अभियंत्यांनी दाराशी घड्याळ घेऊन उभं राहावं. पहिला ट्रे निघाल्यापासून दहावा ट्रे परत येईपर्यंतची मिनिटं देयकाच्या शेऱ्यात लिहावीत आणि ती ३५ पेक्षा जास्त भरली तर कोणती मोरी, कोणती वाट की कोणतं कपाट आड आलं, तेही तिथेच नोंदवावं.

आपले,
विज्ञान शिकवणारे आणि विज्ञान कक्ष उभारणारे काही जण